नारिंगाचं आजोळ

बरठाकुर मॅडम पान उजेडासमोर धरतात,
एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवावा तशा.
"टिपके दिसतात? तेलाच्या पिशव्या आहेत.
बेल, कवठ, कढीपत्ता, ओढ्याकाठचं काटेरी तिरफळ,
सगळ्यांच्या पानांत हीच खूण. एकच कूळ."
मी गारोत सांगतो. वात्मे मावशी मान हलवते,
पटलं म्हणून नव्हे, सुपारी दाढेखाली आली म्हणून.

माझं काम चिठ्ठ्या लिहायचं,
दोन बायकांच्या दोन भाषांमध्ये उभं राहायचं,
आणि जुन्या वर्तमानपत्रांत फांद्या दाबून पट्टे आवळायचं.
नोक्रेकच्या या उतारावर आज पाच नमुने झाले.
पपनसाच्या देठाला पंख, पानाखाली आणखी एक पान जणू.
महाळुंगाचं देठ मात्र बोडकं.

"कूळ कळलं," मावशी म्हणते, "आई कोण ते विचार."

आमच्यात हा प्रश्न पहिला.
घर आईचं, जमीन आईची, नाव आईचं.
बाप दुसऱ्या कुळातून आलेला,
चांगला निघाला तर चांगला.
मॅडम हसल्या नाहीत. उकिडव्या बसून
ओल्या मातीत काडीने रेघा ओढू लागल्या.
हे कडू नारिंग: बाप संत्र्याच्या गोतातला, आई पपनस.
हे जाड सालीचं लिंबू: बाप महाळुंग, आई हेच कडू नारिंग.
मोसंबीसुद्धा आईकडून पपनसाचीच.
पानातल्या हिरव्या कणांत आईचं लिहिलेलं राहतं,
बापाचं तिथे काही नसतं.
मावशीने रेघांवरून अंगठा फिरवला
आणि सकाळपासून पहिल्यांदाच
मॅडमना बसायला वेताचं स्टूल दिलं.

घोटाळा झाला तो ग्रेपफ्रूटपाशी.
समुद्रापलीकडे, कुठल्याशा बेटावर,
आई पपनस आणि बाप मोसंबी.
मावशीने बोटं मोजली, पुन्हा मोजली.
मोसंबीच्या घरचा म्हणजे तोही पपनसाचाच!
"एका कुळात लग्न? मग गावाने काय केलं?"
"गावाने," मॅडम म्हणाल्या, "सकाळी साखर पेरून खाल्लं."
हे गारोत सांगता सांगता मीच आधी हसलो.

मावशीची वर्गवारी निराळी.
सुक्या मासळीवर पिळायचं ते.
पोटात मुरडा आला की मिठाशी चाटायचं ते.
पायाला जळू चिकटली तर रस टाकायचा, ते.
पोरं गोटीसारखं घरंगळवतात ते नव्हे,
मोठं, चेंडू करून लाथाडतात ते.
आणि एक, ज्याचं नाव ती दिवेलागणीनंतर घेत नाही.
मेमांग नारंग. मेलेल्यांचं नारिंग.

ते परसात, घराकडे पाठ करून.
लहान, तांबूस फळं. चार.
"याची आई कोण?"
"नक्की नाही अजून," मॅडम म्हणाल्या,
"कुणी म्हणतं हेच फार जुनं, कुणी म्हणतं मिसळीचं. वाद आहे."
मावशी काही बोलली नाही.
मॅडमचा हात कात्रीसकट फळाकडे गेला तेव्हा म्हणाली,
"फांदी घे. पानं घे, हवी तेवढी.
फळं मोजलेली आहेत."

हे मी लगेच सांगितलं नाही.

घर जिच्या नावावर व्हायचं होतं ती धाकटी, साल्मे,
गेल्या थंडीत तापाने गेली.
तिच्यापाशी ठेवायला सात लागली होती.
मीच तोडून दिली, काट्यांचे ओरखडे मनगटावर अजून आहेत.
आता घर कुणाचं,
यावर मामालोकांची बैठक व्हायची आहे.
पुढे ढकलतात. मावशीही आठवण करत नाही.

मॅडमना मी एवढंच म्हटलं, पिकली नाहीत.
त्यांनी त्या पिकलेल्या फळांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि कात्री मिटून खिशात टाकली.

रात्री कंदिलाशी चिठ्ठी लिहायला बसलो.
ठिकाण. उंची. देठाला पंख जवळजवळ नाहीत.
फूल नाही. फळ पाहिलं, घेतलं नाही.
शेवटचा रकाना उपयोगाचा.
औषधी, असं लिहिलं. खोडलं.
विधीसाठी, असं लिहिलं, तेही खोडलं.
कागद फाटायला आला होता.
मग उरल्या जागेत, बारीक अक्षरात:
घरगुती.